दाभणकाका आणि पाचवा भाग

वाचनालयाच्या दारातून आत शिरलं की समोरच माझं टेबल. पुस्तक नेणं, परत करणं, उशीर झाला की बोलणी खाणं, हे सगळं माझ्यासमोर होतं. माझ्या खुर्चीमागून एक अरुंद जिना खाली उतरतो आणि तळाशी बांधणीची खोली आहे. तिथे एक लांब टेबल, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, कागद चिकटवायच्या खळीचं पातेलं, दोऱ्याची रिळं आणि दाभणकाका. दाभण म्हणजे कागदाच्या गठ्ठ्याला भोकं पाडायची जाड सुई. काका तसेच आहेत, उंच, किडकिडीत आणि टोकाला जरा बोथट झालेले. हे नाव मीच ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं, पातेलं नाही ठेवलंत."

एकोणचाळीस वर्षं त्यांनी फाटकी पुस्तकं जोडली आणि त्यातलं एकही वाचलं नाही. मी छेडायची, "काका, एवढी पुस्तकं हाताखालून जातात, कधी वाटत नाही आत काय आहे बघावं?" तर म्हणायचे, "मी पानं मोजतो. वाचणारे वर आहेत की." मला याचा राग यायचा. मी भरपूर वाचते आणि जे वाचत नाहीत त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. ते बदलायचा विचारही नाही. फक्त काकांच्या बाबतीत मी कानाडोळा करायची, कारण इतकं नीटनेटकं काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि दुपारचा चहा त्यांच्या खोलीत बसूनच गोड लागायचा.

चहाबरोबर काकांचे विषय तीन. खळ, गुडघा आणि धाकटा. धाकटा म्हणजे त्यांचा एकुलता एक भाऊ. काकांपेक्षा नऊ वर्षांनी लहान, त्यामुळे त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडण्यापासून ते पहिली दाढी करायला शिकवण्यापर्यंत सगळं काकांनी केलेलं. धाकटा मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करायला लागला आणि बावीस वर्षांपूर्वी वेगळा राहायला गेला. त्याच्याबरोबर एक माणूस राहतो. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणारा कारागीर. शांत, गोल चेहऱ्याचा, बोटं सदा प्लास्टरने पांढरी. काका त्याला 'भाडेकरू' म्हणायचे. त्या घराच्या दारावर दोघांच्या नावाची पाटी होती, पडदे दोघांनी मिळून निवडले होते, तरी हा आपला भाडेकरू. आणखी गंमत म्हणजे काकांच्या तोंडातली कवळी या भाडेकरूनेच बनवलेली. मापं घेऊन, चार वेळा घासून, हिरडीला कुठे टोचत नाही ना हे विचारायला स्वतः घरी येऊन. आठ वर्षं काका त्याच्या दातांनी जेवले आणि त्याच दातांनी त्याला भाडेकरू म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या मुलीचं लग्न झालं आणि त्यानंतर धाकटा यायचा बंद झाला. फोन केला की "कामात आहे दादा." पुढे फोन उचलणंही बंद. "रुसलाय कशावर तरी," काका म्हणायचे. पहिले काही महिने हसत म्हणायचे. नंतर म्हणताना कपाकडे बघायचे. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं, पण इथे भांडणच झालं नव्हतं. धडधाकट भाऊ एकाच गावात राहून हरवला होता आणि त्याला परत कसं आणायचं हे त्यांना उमगत नव्हतं. त्यांच्या आयुष्यात दुसरी काही मोठी काळजी नव्हती, म्हणून ही एकच त्यांना पुरून उरली होती.

आणि अशा माणसाच्या टेबलावर ती पुस्तकं मी पाठवली.

त्याचं मूळ चष्मेवाली. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काम करणारी मुलगी, आमची सभासद. तिने सूचनापेटीत अकरा चिठ्ठ्या टाकल्या की जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, घ्या, आणि त्यातही ज्यात दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात पडतात त्या घ्या. अकराही चिठ्ठ्यांवर अक्षर एकच होतं, फक्त शाई बदललेली. शेवटी समितीने कंटाळून मान्यता दिली. आपल्या भाषेत आलेल्या अशा तीन-चार मालिका आम्ही घेतल्या आणि खिडकीजवळच्या कपाटात लावल्या. मी नाक मुरडलं. गुलाबी चोपड्या, म्हणाले मी. महिनाभरात त्या कपाटासमोर जेवढी गर्दी व्हायला लागली तेवढी आमच्या थोर कादंबऱ्यांपुढे दहा वर्षांत झाली नव्हती. कॉलेजच्या मुली, दोन नर्सा, एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक टॅक्सीवाला. सगळ्यांत जास्त मागणी नऊ भागांच्या एका मालिकेला. तिचा पहिला भाग इतक्या हातांतून गेला की चौथ्या महिन्यात पानं सुटी होऊन आला. मी तो दोरीने बांधून खाली धाडला.

काकांनी तो तीन दिवसांत परत दिला. कडक पुठ्ठा, निळं कापड, सोनेरी अक्षरं. मी चष्मेवालीच्या हातात दिला. ती तिथेच उभी राहून चाळायला लागली आणि शेवटाकडे आल्यावर किंचाळली. "अहो ताई! यांनी एकमेकांकडे पाठ केलीय!"

मी बघितलं. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र. डाव्या पानावर एक उंच माणूस डावीकडे बघत होता, उजव्या पानावर चष्मा घातलेला दुसरा उजवीकडे. दोघांची डोकी मागच्या मागे टेकायला आली होती. दोघेही अत्यंत प्रेमाने आपापल्या बाजूच्या कपाटांकडे बघत होते.

"हे कपाळाला कपाळ टेकतात इथे," चष्मेवाली रडवेली होऊन म्हणाली. "एकशे ऐंशी पानं वाट बघायची, आणि हे असं?"

झालं होतं ते असं. ही पुस्तकं उजवीकडून उघडतात. बांधणीची कड उजव्या हाताला असते आणि वाचणारा उजवीकडून डावीकडे जातो. सुट्या पानांचा गठ्ठा काकांकडे आला. त्यांनी आकडे बघून एक, दोन, तीन अशी पानं लावली आणि एकोणचाळीस वर्षांच्या सवयीने डाव्या कडेला टाके घातले. उजव्या कडेला जुना डिंक दिसला तेव्हा त्यांना वाटलं की छापखान्याने चूक केलीय. म्हणून ती कड त्यांनी कापूनही टाकली. त्यामुळे प्रत्येक जोडपानावर डावीकडचं उजवीकडे गेलं, आणि समोरासमोर आलेली माणसं पाठमोरी झाली.

मी आणि चष्मेवाली दोघी जिना उतरून गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं, पुस्तक उघडलं, त्या चित्राकडे बराच वेळ बघितलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. दोन पुरुष कपाळाला कपाळ टेकवतायत म्हणून लाल झाले असं मला वाटलं. तसं नव्हतं. "माझ्या हातून उलटी बांधणी?" ते म्हणाले. "एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा."

दुरुस्ती मोठी किचकट होती. टाके उसवायचे, आणि कापून गेलेल्या उजव्या कडेला पानापानावर पातळ कागदाची पट्टी चिकटवायची, म्हणजे शिवायला जागा मिळेल. प्रत्येक पट्टी वाळेपर्यंत पान समोर पडून राहणार. आणि आता आकड्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, म्हणून चित्राला चित्र जुळतंय का हे बघितल्याशिवाय ते पुढे जाईनात. चित्र जुळवायला चित्रात काय चाललंय ते कळायला हवं. दाभणकाकांनी आयुष्यातलं पहिलं पुस्तक अशा तऱ्हेने वाचलं.

दुसऱ्या दिवशी चहाला गेले तर ते खोडरबर घेऊन बसले होते. "काय करताय?"

"छपाई खराब आहे हो. जिथे तिथे याच्या गालावर तिरप्या रेघा आल्यात. पुसल्या जात नाहीत."

मी हसून हसून पायरीवरच बसले. "काका, तो लाजलाय!"

काकांनी खोडरबर खाली ठेवलं. पान जवळ घेतलं, लांब धरलं. "प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"भलताच लाजरा आहे," काका म्हणाले, आणि त्या आवाजात अशी काही आपुलकी होती की मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

गोष्ट साधी होती. एका शाळेच्या उपाहारगृहात एक उंच, घुम्या स्वयंपाकी असतो. तिथे बदलीवर गणिताचा एक मास्तर येतो, डाव्या हाताने लिहिणारा, विसराळू. एक जेवण वाढतो, दुसरा जेवायचं विसरतो. जपानी नावं काकांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी 'उंच' आणि 'डावरा' अशी नावं ठेवून टाकली, आणि आठवडाभरात चष्मेवालीसकट आम्ही सगळे तीच नावं वापरायला लागलो. हो, आम्ही. काकांना अडलं तर सांगता यावं म्हणून मी पहिला भाग तिथेच बसून वाचला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा आणि तिसरा बरोबरच घरी नेले. गुलाबी चोपड्यांबद्दल मी काय बोलले होते ते कुणी मला आठवण करून देऊ नये.

चष्मेवाली दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत यायची आणि काकांना वाचायचं शिकवायची. वरच्या उजव्या चौकटीतून सुरुवात, मग डावीकडे, मग खाली. चौकट मोडून माणूस बाहेर आला तर तो मनातून हलला असं समजायचं. रिकामी चौकट म्हणजे कुणी काही बोलू शकलं नाही. "आणि या फुलांचं काय?" काका विचारायचे. "स्वयंपाकघरात तव्यामागे फुलं कुठून आली?"

"काका, ती मनातली फुलं."

"उंचाच्या की डावऱ्याच्या?"

"ज्याच्या डोक्यामागे आहेत त्याच्या."

काका मान डोलवायचे आणि लक्षात ठेवायचे. दुसऱ्या भागापर्यंत ते आमच्यापेक्षा तयार झाले. आम्ही दोघी बोलणं वाचत सुटायचो, काका हात बघायचे. "हे बघा, त्याने कप ठेवला. कान कुणीकडे केलाय? डावरा डाव्या हाताने घेतो म्हणून कान डावीकडे. याला सगळं ठाऊक आहे, फक्त बोलत नाही." मी त्या पानावरून दोनदा गेले होते, मला कप दिसलासुद्धा नव्हता. हातावर पोट असलेल्या माणसाला हात आधी दिसत असावेत.

त्या दिवसांत काका इतके खुलले की समितीच्या अध्यक्षांनीही विचारलं, गुडघा बरा झाला का. तिसऱ्या भागात उंच आणि डावरा एका पानावर भांडले तेव्हा काका चहा न पिता उठून गेले. चौथ्या भागात दोघे एका घरात राहायला लागले आणि काकांनी आपल्या डब्यातली बिस्किटं आम्हाला वाटली. कारण विचारलं तर म्हणाले, "घर लागलं ना त्यांचं." भाग फाटलेला नसला तरी तपासायला म्हणून ते मागवून घ्यायचे. मी कार्डावर 'दुरुस्तीसाठी' असं लिहायची आणि खोटं लिहिताना मला जरासुद्धा काही वाटायचं नाही.

मग पाचवा भाग आला.

पाचव्या भागात डावऱ्याची मोठी बहीण येते. वाईट बाई नाही. भावासाठी लोकरीचा स्वेटर आणते, घर झाडून देते. मग तिच्या घरी काही समारंभ असतो, सगळे जमतात, उंचही बरोबर जातो. फोटो काढायची वेळ येते तेव्हा ती बहीण हसत हसत कॅमेरा उंचाच्या हातात देते. "तुम्ही काढा ना, तुम्ही तसेही फोटोत नाही." पुढचं पूर्ण पान उंचाच्या डोळ्याने दिसतं. कॅमेऱ्याच्या चौकटीत सगळे हसतायत. डावराही हसतोय, पण त्याचा हात बाजूला रिकाम्या जागेवर आहे. त्या पानावर बोलणं नाही.

चार दिवस काकांनी पुस्तक उघडलं नाही. पाचव्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर दाबयंत्राचा दांडा उगाच फिरवत होते.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "त्या बहिणीचं चुकलं का हो?"

मी ठेवणीतलं उत्तर दिलं. "चुकलं का? तिला एक ठेवून द्यावीशी वाटते मला. दिसत नाही तिला? इतकी वर्षं दोघं एका ताटात जेवतायत आणि बाईला दिसत नाही?"

तोंडातली कवळी काकांनी जिभेने हलवली, ही त्यांची अस्वस्थ झाल्याची खूण. मग म्हणाले, "लग्नात माझ्याकडून तेच झालं."

आणि त्यांनी सांगितलं. मुलीच्या लग्नाची पत्रिका धाकट्याच्या एकट्याच्या नावाने गेली. तरीही तो कारागीर आला, नवे कपडे घालून, नवरीला घालायला स्वतः घडवलेली चांदीची साखळी घेऊन. फोटोवाल्याने सगळ्यांना उभं केलं. तो धाकट्याशेजारी उभा राहिला. आणि काकांनी, मुलीच्या बापाने, सगळ्यांदेखत हात करून सांगितलं, "तुम्ही जरा बाजूला व्हा हो, हा फक्त नातेवाइकांचा आहे." तो लगेच बाजूला झाला. हसला. वर सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत उभा राहिला.

"मला कळलंच नाही," काका म्हणाले. "देवाशपथ, मनात काही वाकडं नव्हतं. मला फक्त दिसलं नाही. आता एकेक दिसतंय. मी त्यांच्याकडे जायचो तेव्हा धाकट्याच्या नाकावरचा चष्मा तो न विचारता काढायचा, पुसायचा आणि परत घालायचा. माझ्यासमोर! धाकट्याने बोलणंसुद्धा थांबवलेलं नसायचं. मी बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, भाडेकरू स्वच्छ आहे."

त्यावर हसावं की रडावं हे मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं. काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मला बावीस वर्षांपासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

 

आता कारण कळलं होतं, पण कळून भागत नव्हतं. काका बोलण्यात कच्चे. धाकटा फोन उचलत नव्हता. एका रविवारी ते त्यांच्या घरापर्यंत गेले, दारावरची दोन नावांची पाटी वाचली आणि घंटी न वाजवता परत आले. "काय बोलणार? दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय?" खोलीत ते माझ्यावर सराव करायचे. मी धाकटा व्हायची आणि घुश्शात हाताची घडी घालून उभी राहायची. काका म्हणायचे, "हे बघ, त्या दिवशी जे झालं..." आणि तिथेच अडायचे. चष्मेवाली म्हणाली, पत्र लिहा. चार पत्रं लिहिली, चारही पुठ्ठ्याच्या आत अस्तराखाली गेली. आमच्या वाचनालयातल्या कुठल्या तरी चार पुस्तकांत एका थोरल्या भावाची माफी चिकटवलेली आहे.

"सहाव्या भागात काय होतं?" मी विचारलं. तोपर्यंत मी नवव्यापर्यंत जाऊन आले होते आणि सांगायला जीभ शिवशिवत होती.

"वाचणार नाही," काका म्हणाले. "माझं मिटेपर्यंत त्यांचं मिटलेलं मला बघवणार नाही."

असे सात आठवडे गेले. मग एका मंगळवारी सकाळी, वाचनालय उघडून अर्धा तासही झाला नव्हता, माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून पुरुषाचा आवाज. "दादा आहे का? मी त्याचा भाऊ."

मी काकांना हाक मारली ती बहुधा रस्त्यावरही ऐकू गेली असेल. शांतता पाळा अशी पाटी माझ्याच डोक्यावर आहे. काका खळीच्या हातांनी वर आले. फोनवर त्यांनी फक्त "कुठे?" आणि "आलो" एवढंच म्हटलं. कारागीर पडदे लावताना शिडीवरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करायचं होतं, आणि दवाखान्यात धाकट्याला आत सोडत नव्हते. जवळच्या नातेवाइकाची सही पाहिजे म्हणत होते. कारागिराचं मागे पुढे कुणी नव्हतं. दोन तास खिडक्या पालथ्या घालून शेवटी धाकट्याने ज्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं त्यालाच फोन केला होता.

मी टेबल चष्मेवालीच्या हवाली केलं, ती योगायोगाने पुस्तक बदलायला आलीच होती, आणि काकांना स्कूटरवर मागे बसवलं. वाटेत खळ वाळून त्यांच्या बोटांवर पापुद्रे धरले होते आणि ते माझ्या खांद्यावर झडत होते.

धाकटा नोंदणीच्या खिडकीपाशी उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. काकांचाच साचा, फक्त भरलेला. चष्म्याच्या काचा धुरकट झालेल्या, त्यातून तो दादाकडे बघत होता आणि पुढे येत नव्हता. काकाही जागच्या जागी उभे. सात आठवड्यांचा सराव होता, पण दोघांमध्ये ती खिडकी होती आणि खिडकीतली बाई घाईत होती.

"घरचं कुणी आलं का पेशंटच्या?" तिने विचारलं. "हे मित्र आहेत म्हणतात. मित्राची सही चालत नाही, मघाशीच सांगितलं यांना."

काका पुढे झाले. "मी आलोय."

"तुम्ही पेशंटचे कोण?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कवळी हलली. धाकट्याने मान खाली घातली, म्हणजे पुढे काय येणार ते त्याला इतक्या वर्षांच्या अनुभवाने पाठ होतं.

"मोठा दीर," काका म्हणाले.

बाईचं पेन थांबलं. "कोण?"

"दीर. थोरला." काकांचा आवाज चांगला खणखणीत निघाला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "हा माझा धाकटा भाऊ. आत आहे तो याचा जोडीदार. बावीस वर्षांचा संसार आहे दोघांचा. मग भावाच्या जोडीदाराचा मी दीरच लागणार ना? दुसरं काही लागत असेल तर तुम्ही सांगा, ते लिहू."

बाईने काकांकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं, मग काचेखाली लावलेल्या यादीवरून बोट फिरवलं. सासू, सासरे, नणंद, दीर. "दीर आहे यादीत," ती म्हणाली. मला वाटतं तिला हसू आलं होतं, पण तिने ते चांगलं दाबलं. "सही करा इथे."

"करतो. आधी याच्या नावापुढे मित्र लिहिलंय ते खोडा. जोडीदार लिहा."

तिने खोडलं. लिहिलं. काकांनी आपली सही केली, आणि कागदावर खळीचा एक पापुद्रा गळून पडला.

बाजूला आल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, तुला कधी कळलं?"

"तुझ्या वहिनीला पहिल्यापासून माहीत होतं. मला वाचून कळलं."

"वाचून? तू?"

"हो. सांगेन सावकाश, नऊ भाग आहेत." मग काकांनी त्याचा दंड धरला. "फोटोतून त्याला बाजूला काढलं मी. फार चुकलो रे. दोन वर्षं माझी मला चूक दिसली नाही. तू सांगायला हवं होतंस असं म्हणणार नाही मी. मला दिसायला हवी होती."

पन्नास वर्षांचा तो माणूस दादाच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊन रडला, आणि काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत "बास, बास, आत जायचंय ना" म्हणत स्वतःही रडत होते. मी भिंतीवरचा अग्निशामक नळीचा फलक तीन वेळा वाचून काढला.

नर्स आली. ऑपरेशनला अर्धा तास आहे, दोघांना भेटता येईल, म्हणाली, आणि तिने दोन पास दिले. धाकट्याने एक घेतला आणि वयाला न शोभेल असा धावत सुटला. दार उघडलं तेव्हा आतून एक दमलेला, आनंदलेला आवाज आला, "आलास?" आणि दार मिटलं.

दुसरा पास काकांच्या हातात तसाच होता. "जा ना," मी म्हटलं. "तुम्हालाही सोडतायत."

काका बाकावर बसले, पाय लांब केले आणि रुमालाने चेहरा पुसला. "आधी त्या दोघांना भेटू दे," म्हणाले. "मी घरचाच आहे, मला काय घाई!"